साडूचा अपटाइम

यादीत एकूण दोनशे चौदा नोड होते. त्यांत हणमंतचा एकोणतिसावा आणि मृत्युंजयचा एकशे नववा. मधे एकोणऐंशी जण होते, पण त्यांच्याबद्दल मृत्युंजयची काहीच तक्रार नव्हती. त्यांच्यातला एकही त्याचा साडू नव्हता.

मृत्युंजय लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. गॅसवर ठेवलेलं दूध किती मिनिटांनी उतू जातं हे त्याने ऋतूनुसार लिहून ठेवलं होतं. गोदामातल्या धान्याच्या पावत्या नोंदवणारी एक छोटी ब्लॉकचेन निघाली आहे, हे सासरच्या गोतावळ्यात त्यालाच आधी कळलं. प्रूफ ऑफ स्टेक पद्धतीची. म्हणजे सामील होणाऱ्याने थोडी अनामत अडकवायची आणि घरी एक छोटा कॉम्प्युटर, म्हणजे नोड, अखंड चालू ठेवायचा. पाळी आली की त्या नोडने नोंदींचं नवं पान लिहायचं; एरवी इतरांची पानं तपासून सही करायची. नोड जितका वेळ जागा, तितका त्याचा अपटाइम जास्त आणि तितका यादीत वरचा नंबर. सहा महिन्यांच्या शेवटी, एका रविवारी संध्याकाळी सहा वाजता, पहिले शंभर नोड स्थायी सदस्य म्हणून जाहीर होणार होते.

हणमंत म्हणजे मृत्युंजयच्या धाकट्या मेहुणीचा, दामिनीचा, नवरा. हिमायतनगरजवळ शेती, शिक्षण बारावी. दिवाळीनंतर तो सोयाबीन घेऊन लातूरच्या अडतीवर आला आणि साडूकडे मुक्कामाला राहिला. नोडसमोर मांडी घालून बसला आणि विचारत सुटला. मृत्युंजयने त्याला सगळं समजावलं, कमांडसुद्धा वहीच्या पानावर लिहून दिल्या. ऐकणारा आपल्यापेक्षा खाली आहे याची खात्री असली की शिकवणाऱ्याचा हात फार सढळ होतो.

हणमंतने घरी जाऊन शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपटात, नोड बसवला. पंपासाठी सौर प्लेटा होत्याच, बॅटऱ्याही होत्या. नोडचं नावही त्याने ‘आखाडा’ असंच ठेवलं. गेल्या तीस दिवसांत तो एकूण छप्पन मिनिटं बंद होता. “तेबी उंदरानं वायर कुरतडली म्हून,” असं त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर कळवलं. सासरे शेषेराव यांनी त्याखाली लिहिलं, “शाब्बास!” मृत्युंजयने नोड सुरू केला तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, “ठीक.”

मृत्युंजयच्या नोडचं नाव ‘अचूक’. तो त्याच तीस दिवसांत पन्नास तास बंद होता. लातूरचा उन्हाळा, आणि वीज कधी जाईल याचं कोणतंही सूत्र त्याला अजून सापडलं नव्हतं.

“इन्व्हर्टरवर एक तर कूलर चालेल, नाही तर तुमचं ते खोकं,” त्याची बायको ऋतुजा म्हणाली.

“खोकं नाही, नोड. तापला की तो मंदावतो.”

“मी पण मंदावते. कूलरला हात लावलात तर मी सरळ नांदेडला जाईन.”

नांदेड म्हणताच मृत्युंजय खुर्चीतून उठला. नांदेडला सासऱ्यांकडे मोठा इन्व्हर्टर होता, एक खोली रिकामी होती, आणि सासूबाई गोदावरी गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी शाळेची घंटा एकतीस वर्षं एकदाही उशिरा होऊ दिली नव्हती.

पुढच्या रविवारी त्याने नांदेडला दुसरं मशीन बसवलं आणि त्यात ‘अचूक’चीच सहीची चावी घातली. लातूरला वीज गेली की तो सासूबाईंना फोन करणार, त्या नांदेडचं मशीन चालू करणार. वीज आली की पुन्हा फोन, मग त्या ते बंद करणार, आणि त्यानंतरच तो लातूरचं चालू करणार. हा क्रम चुकवण्याची सोय नव्हती. एका चावीने एकाच क्रमांकाची दोन वेगळी पानं लिहिली तर ब्लॉकचेनची साखळी त्याला लबाडी समजत असे. त्यावर सुनावणी नाही. अनामत कापली जाणार आणि ती चावी कायमची बाद.

हे त्याने सासूबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही जोडगोळी साखळीला मान्य नाही हेही सांगावं लागलं असतं. तो एवढंच म्हणाला, “मामी, मी सांगेन तेव्हाच बटण दाबायचं. आणि हे हणमंतला कळू देऊ नका.”

“हाव, जावईबापू,” गोदावरीबाई म्हणाल्या. “तुमचा मान तो आमचा मान.”

चार आठवड्यांत ‘अचूक’ एकशे नऊवरून अठ्ठ्याण्णववर आला. शेवटच्या रविवारीच नांदेडला दोन्ही जावयांना अधिक महिन्याच्या धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण होतं. संध्याकाळी सहाला यादी जाहीर होणार, सगळं सासर समोर बसलेलं असणार आणि आपलं नाव शंभरात असणार, हे दृश्य मृत्युंजयने मनात बऱ्याचदा पाहून घेतलं होतं.

इथे गोदावरीबाईंची एक अडचण सांगायला हवी. मागच्या अधिकात त्यांनी दोन्ही जावयांना एकाच दुकानातून टॉवेल आणले होते. मृत्युंजयने आपला टॉवेल आतल्या खोलीत नेऊन मोजला, तो हणमंतच्या टॉवेलपेक्षा चार बोटं कमी भरला. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर तीन वर्षं तो नांदेडला येताना स्वतःचा टॉवेल घेऊन यायचा. तेव्हापासून मोठ्या जावयाच्या तोंडाकडे लक्ष ठेवणं हे त्या घरातलं एक कामच होऊन बसलं होतं.

रविवारी लातूरला वीज होती. तिथला नोड चालू होता, त्यामुळे नांदेडचं मशीन स्टुलावर क्रोशाचा रुमाल पांघरून बंद पडून होतं. हणमंतने आल्या आल्या आपला फोन त्याच स्टुलावर चार्जिंगला लावला. फोनवर ‘आखाडा’चा आलेख हिरवागार चमकत होता.

“साडूभाऊ, हे मशीन कुणाचं?” त्याने विचारलं.

“माझं. स्पेअर.”

“चावी तर न्हाई ना दोन्हीकडं एकच? लई वांधे होत्यात म्हन्ते.”

“मला शिकवतोस का?” मृत्युंजय म्हणाला. “तुला कमांड कोणी लिहून दिल्या होत्या?”

“तुमीच की. वही अजून जपून ठिवली हाय.”

एवढ्यात शेजारच्या गुणाबाई जेवायला आल्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

“गोदाताई, ही कुनाची मशीन म्हनायची?”

“मोठ्या जावयाची.”

“मग तिला लाईट कशी न्हाई वं? धाकल्याचं बघा, कसं हिरवंगार हाय!”

मृत्युंजय हसला. हसताना त्याचा डावा गाल वर गेला आणि उजवा जागेवरच राहिला. गोदावरीबाईंनी तो गाल बरोबर टिपला.

पंगत बसली. जावयांचं औक्षण झालं, ताटांत पुरणाचे धोंडे आले, त्यावर तूप आलं. मृत्युंजयने आधी हणमंतच्या ताटातलं तूप पाहिलं आणि मग स्वतःच्या. समान होतं. तो समाधानाने दुसरा धोंडा मोडत होता, तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. लगेच आतल्या खोलीत हणमंतचाही वाजला.

मृत्युंजयने डाव्या हाताने फोन पाहिला. ‘एकाच क्रमांकाची दोन पानं आढळली. नोड अचूक कायमचा बाद.’

तो उष्ट्या हाताने उठला आणि आतल्या खोलीत धावला. क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला होता. मशीनवर हळदीकुंकू होतं, आणि मशीनचे तिन्ही दिवे चालू होते.

“मामी! हे कोणी चालू केलं?”

“मीच की,” गोदावरीबाई तुपाची वाटी घेऊन दारात आल्या. “गुणाबाई तसं म्हणाल्या आणि तुमचं तोंड केवढं उतरलं! म्हटलं, आजच्या दिवशी धाकट्याचं चालू आणि मोठ्याचं बंद, असं कसं चालेल? बसा, बसा, अजून एक धोंडा घ्या.”

मृत्युंजयने मशीनची वायर उपटली. उपयोग नव्हता. ‘अचूक’ची पाळी आली तेव्हा लातूरच्या मशीनने एक पान लिहिलं होतं आणि नांदेडच्या मशीनने दुसरं. दोन्ही मशीनांनी आपापलं काम बिनचूक केलं होतं.

तोवर हणमंतही येऊन आपला फोन पाहत होता.

“साडूभाऊ,” तो हळूच म्हणाला, “दामिनीची आन. म्या तर जेवून राहिलो होतो.”

मृत्युंजयने त्याच्या हातातला फोन घेतला. त्यावर लिहिलं होतं: ‘लबाड नोडचा पुरावा नोंदवणारा नोड: आखाडा. बक्षीस गुण जमा. नवा क्रमांक एकवीस.’ ‘अचूक’च्या नंतर लगेच पान लिहायची पाळी ‘आखाडा’ची होती, आणि त्याने समोर दिसलेला पुरावा आपल्या पानात आपोआप लिहून टाकला होता.

पंगतीतून शेषेरावांचा आवाज आला. “हणमंतराव, आज तुमचा काही निकाल होता ना? काय झालं?”

“एक लबाड सापडला म्हन्ते, मामा,” हणमंतच्या तोंडून निघून गेलं.

“शाब्बास! कोण होता तो?”

हणमंतने मृत्युंजयकडे पाहिलं. मृत्युंजयने भिंतीकडे पाहिलं.

“कोनी तरी लांबचा हाय,” हणमंत म्हणाला. “वळखीचा न्हाई.”

अपटाइममध्ये पुढे होता, नंबरात पुढे होता, आता हा माणूस मोठेपणातही पुढे गेला. मृत्युंजयला सगळ्यात जास्त ते लागलं.

संध्याकाळी सहाची यादी त्याने पाहिली नाही. जावयाच्या मशीनचं आपल्या हातून काहीतरी बिघडलं एवढं गोदावरीबाईंच्या ध्यानात आलं होतं. त्या दोनदा रडल्या, आणि मग गणिताच्या बाईंसारख्या सरळ मुद्द्यावर आल्या.

“हे मशीन बिघडलंय का?”

“नाही. चावी बाद झाली. मशीन चांगलं आहे.”

“मग नवी चावी माझ्या नावाने करा. चार आठवडे चालू-बंद करतेय, आता हात रिकामा राहत नाही.”

“देऊ का लावून, मामी?” हणमंत उठला.

तो उभा राहायच्या आत मृत्युंजय स्टुलासमोर जाऊन बसला होता. शेषेरावांनी अनामत भरली. गोदावरीबाईंनी मशीनवरचा रुमाल काढून कपाटात ठेवला, ते तापू नये म्हणून उत्तरेच्या खिडकीत हलवलं, आणि नोडला ‘घंटा’ हे नाव दिलं.

पाच आठवडे गेले. जुलैच्या एका दुपारी मृत्युंजय कूलरसमोर बसला असताना हणमंतचा फोन आला.

“साडूभाऊ, मामीचं पाहिलं का?”

“नाही बुवा. काय झालं?” मृत्युंजयने सकाळपासून चार वेळा पाहिलं होतं.

“माझ्याकडं प्लेटा हायत, चार बॅटऱ्या हायत, नवी मांजर पाळली उंदरासाठी. मामी नुसत्या इन्व्हर्टरवर काय करून राहिल्या काही कळंना. तुमी काही वेगळं सांगितलं का त्यांना?”

“मी काय सांगणार?”

“न्हाई, मामा ग्रुपवर रोज टाकतेत म्हून म्हन्लं. रोज काय टाकायचं त्यात?”

हा स्वर मृत्युंजयला आतून पाठ होता. तो इतकी वर्षं त्याचा स्वतःचा होता. त्याने खुर्ची कूलरच्या आणखी जवळ ओढली.

“किती आहे रे त्यांचा अपटाइम?” त्याने विचारलं. “आणि तुझा किती?”

“तुमीच बघा की.”

“नको, तू वाच. सावकाश वाच.”

हणमंतने वाचलं.

“घंटा, नव्व्याण्णव पॉइंट नऊ सात. आखाडा, नव्व्याण्णव पॉइंट आठ दोन.”