सव्वादोन ग्लास

मेश्राम काकाजींच्या हातात पत्रिका दिली की ते आधी वेळ वाचतात, मग गाव, मग हॉलचं नाव. वधूवरांच्या नावांपर्यंत ते पोचतच नाहीत. पत्रिका परत देताना फक्त एवढंच विचारतात, "पिण्याचं कोण पाहून राह्यलं?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय. पण चारचौघांत, मांडवात, पिणं म्हणजे पाणी आणि मठ्ठा. आणि आमच्या नालवाडीत कुणाकडेही कार्य असलं की त्याचा अंदाज मेश्राम काकाजी काढतात. कुणी सांगितलेलं नसलं तरी काढतात.

नोकरीत असताना ते नळयोजनेचे व्हॉल्व सोडायचे. कोणती गल्ली किती पाणी ओढते, हे त्यांना गल्लीतल्या माणसांच्या नावांआधी ठाऊक असे. निवृत्त झाले आणि तोच हिशोब माणसांना लावू लागले. "नाचणगावचा माणूस पयले पाणी मागते, मंग नाव सांगते," हे त्यांचं एक वाक्य. गिरडच्या लोकांना टेकडी चढायची सवय, म्हणून त्यांना ग्लासभर कमी पुरतं, हे दुसरं. मी नाचणगाव आणि गिरड या दोन्ही ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने राहिलो आहे. मला तहानेत काहीच फरक आढळला नाही. पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

मी मोजणी खात्यात आहे. अंदाजाने बोललेलं मला खपत नाही. त्यामुळे माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्यात ठरलं तेव्हा मी माझा कागद आधीच तयार ठेवला होता: माणसं दोनशे चाळीस, माणशी दीड ग्लास मठ्ठा, एकूण तीनशे साठ. काकाजी आले, नेहमीसारखे खुर्चीच्या कडेवर बसले. गेल्या अकरा वर्षांत मी त्यांना खुर्चीला पाठ टेकवून बसलेलं पाहिलं नव्हतं. कायम आता उठतील असे बसायचे. कागद पाहून म्हणाले, "दीड? काऊन जी, कोणावर राग हाय काय तुमचा?"

मी म्हटलं, निम्म्या बायका आहेत, त्यांना कमी लागतं.

"बायकाईले कमी लागत नाई, भाऊ. त्या मागत नाईत." त्यांनी माझ्या कागदावरच्या दीडवर बोट ठेवलं. "आमच्या घरची दीड ग्लास पे. एक बसून, आन् अर्धा उभ्यानं, भांडे घासता घासता. रोजच्या जेवणात. तुमचं तर कार्य हाय."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली आहेत. मी कागदावर दीड खोडून दोन केलं.

पण तेवढ्याने भागलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून पाण्याचा घोट न घेता आम्ही ठरवलेल्या हॉलवर गेले आणि अकरा ते एक रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिले. चौकीदाराला वाटलं, बुढा चुकीच्या तारखेला लग्नाला आला. त्याने समजूत काढून पाहिली, काकाजी उठले नाहीत. दुपारी घामाने भिजून माझ्या दारात उभे. "पंखे सात, चालतात पाच. पाव ग्लास वाढवा."

अशा रीतीने सव्वादोन ठरले. एकूण पाचशे चाळीस ग्लास, म्हणजे एकशे आठ लिटर. छत्तीस किलो दही आणि त्याच्या दुप्पट पाणी. गुणाकार मी तीनदा तपासला. माझी बायको म्हणाली, तुम्ही दोघं मिळून पोरीला मठ्ठ्यात पोहायला लावणार.

साक्षगंधाला चार दिवस उरले आणि तो फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो, बायको गच्चीवर, काकाजी ओसरीत येऊन बसलेले, आणि फोन तिथेच वाजत होता. काकाजींना वाजणारा फोन सहन होत नाही. त्यांनी उचलला. पलीकडे मुलाचे मामा, नागपूरहून. पुढचं संभाषण मला काकाजींनीच मोठ्या समाधानाने सांगितलं.

मामांनी विचारलं, "पिण्याचं कसं केलं आहे?"

"त्याची काळजी नोका करू. माणशी सव्वादोन ग्लास धरले."

मामांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, वर्ध्यात हे चालतं का?

"वर्ध्यात तर हेच चालते, साहेब."

"आणि बायका?"

"बायकाईलेही तेवढंच. लपून पेतात बिचाऱ्या, म्हून मी पयलेच धरून ठेवतो."

"पोरं असतील ना हो तिथे?"

"पोराईले बरफ टाकून देतो."

मामांनी फोन ठेवला. "चांगला माणूस वाटला," काकाजी म्हणाले. "बारीक चौकशी करते."

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते शाळेत शिक्षक, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी दारूला शिवलेलं नाही, मेव्हण्याने चौकशी केली ती याच काळजीने, आणि लेकरांनाही ग्लास देणाऱ्या घराशी सोयरीक करायची की नाही, याचा त्यांना आता विचार करावा लागेल. मी मठ्ठा, मठ्ठा असं बहुधा सहा वेळा म्हणालो. ते म्हणाले, बघू. आत माझी मुलगी साडीला पिको करून आणलेली पिशवी तशीच मांडीवर घेऊन बसली होती.

मी रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी काकाजींकडे जाऊन, शक्य तितक्या शांतपणे, त्यांनी काय करून ठेवलं ते सांगितलं. ते ऐकता ऐकताच चपला घालू लागले. तासाभरात मठ्ठ्याची पाच लिटरची कॅन, जिरं-हिंग, कोथिंबीर आणि स्वतःचं स्टीलचं ओगराळं घेऊन ते नागपूरच्या बसमध्ये बसलेले होते. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले. "तुमी गेले तं माफी मागान. मी मठ्ठा पाजतो."

तो दिवस मी कचेरीत एका शेताची मोजणी दोनदा चुकवली. संध्याकाळी सहाला काकाजी परतले. कॅन रिकामी होती. मी फाटकापर्यंत धावत गेलो.

"काय म्हणाले?"

"कोण?"

"मुलाचे वडील!"

"ते काय म्हणतीन? तीन ग्लास पेले." काकाजींचा चेहरा गंभीर होता. "ते तीन, मामा तीन. भाऊ, आपला हिशोब चुकला. नागपूरच्या साठ माणसाईले तीन-तीन धरा."

सोयरीक टिकली की नाही हे मला तासाभराने व्याह्यांच्या फोनवरून कळलं. ते हसत होते. तोवर आम्ही पंचेचाळीस ग्लास वाढवून दही एकोणचाळीस किलोवर नेलं होतं.

साक्षगंध छान झालं. व्याह्यांचा तिसरा ग्लास वेळेवर पोचला. शेवटी पिंपाच्या तळाशी सहा ग्लास उरले, आणि पाहुणे निघाले तरी काकाजी त्या सहांचं कारण शोधत हॉलमध्ये फिरत होते. शेवटी सापडलं. गिरडहून तीन माणसं आली नव्हती. त्यांचे, सरसकट सव्वादोनने, पावणेसात. पाऊण ग्लास कुठे तरी सांडला असेल.

ओगराळं आमच्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते द्यायला गेलो. त्यांचं जेवण नुकतंच झालेलं. ताट एकच होतं, पण ओट्यावरच्या पातेल्यात मठ्ठा बराच होता. मी सहज म्हटलं, हे उरलं वाटतं.

"रोजच उरते," ते म्हणाले. "तीनशे माणसाईचं सांगा, चुकत नाई. एका माणसाचं जमून नाई राह्यलं मले."

"किती उरतं?"

हा प्रश्न मी सवयीने विचारला. त्यांनी पातेल्यात पाहिलं. त्याची गरज नव्हती.

"दीड ग्लास."

मी ओगराळं ओट्यावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, घामाघूम झालोय, द्या. त्यांनी ग्लास भरून दिला. मी सावकाश प्यालो. मग निघायला उठलो, तर त्यांनी हातातला ग्लास घेतला, पातेलं तिरपं करून उरलेलं त्यात ओतलं आणि माझ्यापुढे धरला.

"आता हा उभ्यानं घ्या."

मी घेतला. मग मोरीपाशी जाऊन ग्लास विसळला, पातेलंही विसळलं आणि दोन्ही पालथी घातली. मागे वळलो तेव्हा काकाजी मी सोडलेल्या खुर्चीत बसले होते, पाठ टेकवून.