घरगुती मलम आणि आवक क्रमांक पाच

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात छातीला चोळायच्या मलमाच्या डब्या ढिगाने होत्या. निळ्या झाकणाच्या, हिरव्या झाकणाच्या, लहान मुलांच्या वेगळ्या. दुकान घरापासून चाळीस पावलांवर होतं, रविवारीही उघडं होतं, आणि दुकानदार ओळखीचा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याला दुसरा इलाजच नव्हता असं कोणी म्हणायला नको. इलाज होता, चाळीस पावलांवर होता. पण आमच्या रेकॉर्डकीपरांनी रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं की मलम घरीच करायचं, नैसर्गिक.

रेकॉर्डकीपर म्हणजे नगरपालिकेच्या तळघरातली रेकॉर्ड रूम सांभाळणारे गृहस्थ. बावीस वर्षं ते एकच काम करत होते. कागद आला की त्यावर आवक क्रमांक टाकायचा, तो तारेला टोचायचा आणि क्रमानेच निकाली काढायचा. एकदा तळघरात पाणी शिरतंय अशी चिठ्ठी वरच्या मजल्यावरून आली, तिचा नंबर लागला एक्केचाळीस. चाळीस कागद संपवून त्यांनी ती उघडली तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. (हा किस्सा ऑफिसात लोक हसून सांगतात. हे स्वतः अभिमानाने सांगतात.)

त्यांची बायको बस स्थानकावर निवेदिका होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आहे ते सांगणारी. चार वर्षं हंगामी नोकरी झाली होती आणि सोमवारी अकरा वाजता कायम नेमणुकीसाठी आवाजाची चाचणी होती. जागा एक, उमेदवार नऊ. आणि नेमकी शुक्रवारी तिची छाती भरली. शनिवारपर्यंत आवाज असा झाला, की कोणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढतंय. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि बजावलं, "सोमवारी अकरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं नाही, हसायचंही नाही. वाफ घ्या, छातीला मलम चोळा. बोललात तर आवाज बसेल, आणि एकदा बसला की आठवडाभर उठणार नाही."

मग घरात खाणाखुणा सुरू झाल्या. पण शनिवारी संध्याकाळी तिने ग्लासाची खूण केली आणि रेकॉर्डकीपरांनी माळ्यावरून शिडी काढून आणली, तेव्हा खुणा बंद झाल्या आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. ही पद्धत त्यांनी स्वतः बसवून दिली. वहीचे कागद कापून गठ्ठा केला, पेन्सिलीला दोरी बांधली, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी तार उभी केली. (तार ऑफिसातून आणली होती. घरी एक असावी, असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.)

चिठ्ठ्या पोचवायचं काम सासूबाईंकडे आलं. लेकीच्या आजारपणासाठी त्या मुद्दाम राहायला आल्या होत्या. चौतीस वर्षं टपाल कचेरीत काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि पत्र कोणाचं ते पाहायचं, आत काय आहे ते पाहायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या मुलीच्या बाबतीतही कधी मोडला नव्हता. एक क्रमाशिवाय हलणार नाही, दुसरी वाचणार नाही, आणि तिसरीला बोलायची बंदी. अशा तिघांनी मिळून मलम करायला घेतलं होतं.

खरं तर मलम अवघड नव्हतं. एका दाढीवाल्याने व्हिडिओत सगळं दाखवलं होतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात वाडगं ठेवायचं, वाडग्यात तेल आणि मधमाश्यांचं मेण वितळवायचं. आच बंद करून खाली उतरवायचं आणि मग कापूर, पुदिन्याचे खडे, निलगिरीच्या तेलाचे थेंब. तेल घरात होतं. कापूर वगैरे रेकॉर्डकीपर सकाळीच घेऊन आले होते, त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून. दुकानदाराने विचारलंही होतं, की साहेब, तयार डबी का नेत नाही? त्यावर त्यांनी त्याला रसायनांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं.

पहिली चिठ्ठी आली तेव्हा पाणी नुकतंच तापत होतं. तीत लिहिलं होतं, "विकतचं आणा ना." रेकॉर्डकीपरांनी तिच्यावर आवक क्रमांक एक टाकला, मागच्या बाजूला "विचाराधीन" असं लिहिलं आणि ती सासूबाईंच्या हाती परत पाठवली. (बोलायची बंदी बायकोला होती, ह्यांना नव्हती. दोन खोल्यांमध्ये एक दार होतं. पण लेखी अर्जाला तोंडी उत्तर द्यायचं नसतं.) दुसरीत कापूर बेताने घाला असं होतं, त्यावर "नोंद घेतली" असं गेलं.

मग मेणाची वेळ आली, आणि मेण आणायचंच राहून गेलंय हे लक्षात आलं. त्यांनी घर पालथं घातलं. बाथरूमच्या फळीवर मागच्या बाजूला एक बरणी सापडली. आत पिवळं, घट्ट, मधासारखा वास येणारं काहीतरी होतं. बरणीवर चिठ्ठी नव्हती. नोंद नसलेल्या वस्तूला एरवी ह्यांनी हात लावला नसता, पण आज अंगात उत्साह होता. त्यांनी बाहेरूनच आनंदाने ओरडून सांगितलं की मेण सापडलं, फळीवरच्या पिवळ्या बरणीत होतं, आता पाव तासात मलम तयार.

आत बायको ताडकन उठून बसली. ती दाराकडे निघाली होती, पण सासूबाईंनी तिला खांदे धरून परत आडवं केलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि काय असेल ते लिहून दे म्हणून सांगितलं. तिने लिहिलं. वर "तातडीचे" लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सासूबाईंनी चिठ्ठी घडी घालून नेली आणि रेकॉर्डकीपरांच्या हातात दिली. त्यांनी घडी न उघडता तिच्यावर आवक क्रमांक पाच टाकला आणि ती तारेला टोचली.

कारण तीन आणि चार अजून व्हायच्या होत्या. तिसरी होती खिडकी उघडा, तेलाचा वास इथपर्यंत येतोय. खिडकी मागच्या रंगकामात चौकटीला चिकटली होती, तिने वीस मिनिटं खाल्ली. चौथी होती डॉक्टरांना विचारा घरचं चालेल का. डॉक्टरांचा फोन लागेना. ते पुन्हा पुन्हा लावत राहिले. "आई, तातडीचं सगळेच लिहितात," त्यांनी मधल्या वेळात सासूबाईंना समजावलं. "सगळ्यांचं तातडीचं ऐकलं तर ऑफिस चालेल का?"

तोवर मेण वितळलं होतं. आता आच बंद करायची होती. पण फोन कानाला होता, त्यामुळे वाडगं तसंच पाण्यात राहिलं, आणि कापूर, पुदिना, निलगिरी सगळं आचेवरच आत गेलं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात येऊन शिंकून गेला. मलम तर झालं. पण तपासल्याशिवाय माल पुढे पाठवायचा नाही, म्हणून रेकॉर्डकीपरांनी पहिला नमुना स्वतःच्या छातीवर घ्यायचं ठरवलं. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं: बायकोच्या अंगाला आधी लावलं नाही.

त्यांच्या डोक्यावरचे जे केस गेले होते ते छातीवर जमा झाले होते, आणि त्या जंगलात त्यांनी दोन चमचे गरम मलम सढळ हाताने चोळलं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे वर फ्लॅनेलचा चौकोनी तुकडा घट्ट दाबून ठेवला. ऊब आली, नाक मोकळं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ते खूश झाले. फोन काही लागला नाही, तेव्हा चौथीवर "संपर्क होऊ शकला नाही" असा शेरा मारून त्यांनी तारेवरून पाचवी काढली आणि उघडली.

"पिवळ्या बरणीतलं घेऊ नका. ते पायांचे केस काढायचं वॅक्स आहे."

त्यांनी ती दोनदा वाचली. फ्लॅनेलचा एक कोपरा चिमटीत धरून अगदी हलकेच ओढला आणि लगेच सोडला. मग पेन उचलून त्यांनी पाचव्या चिठ्ठीवर शेरा लिहिला: "उशिरा प्राप्त."

सासूबाई चिठ्ठ्या वाचत नसत, पण शेरे वाचत. "जावईबापू, उशिरा?" त्या म्हणाल्या.

"तसं लिहायची पद्धत आहे, आई."

"चौतीस वर्षांत माझं एक पाकीट उशिरा पोचलेलं नाही. आधी ते खोडा."

"छातीला फडकं चिकटलंय."

"फडकं नंतर. आधी शेरा."

शेरा खोडून, बाजूला सही करून होईपर्यंत सहावी, सातवी आणि आठवी येऊन तारेला लागल्या होत्या. सहावीत मलमाचं काय झालं असं विचारलं होतं, सातवीत आई का चिडली आहे, आणि आठवीत, काहीतरी जळतंय. अर्थात आठवीत काय आहे हे स्वयंपाकघरात कोणालाच माहीत नव्हतं. रेकॉर्डकीपर सहावीचं उत्तर लिहीत होते, शब्द जपून निवडत होते. पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं.

शेवटी सासूबाईंना त्यांचं कण्हणं बघवेना. हे हळूहळू काढायचं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि फ्लॅनेलची वरची कड धरून एका झटक्यात खाली ओढली.

रेकॉर्डकीपरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बावीस वर्षं तळघरात साठलेला असावा. शिंपी पुन्हा जिन्यात आला. आणि आतलं दार उघडून बायको बाहेर आली.

तिने पाहिलं ते असं: नवरा ओट्याला टेकून उभा, छातीवर भाकरीएवढा गुळगुळीत लालबुंद चौकोन. आईच्या हातात केसाळ फडकं. आणि दोघांच्या पाठीमागे वाडग्यातल्या कापराने पेट घेतलेला, ज्योत हातभर वर. तिच्या हातात नववी चिठ्ठी तयार होती, त्यावर एकच शब्द, गॅस. तिने ती नवऱ्यासमोर धरली, दुसऱ्या हाताने त्याच्या मागे बोट दाखवलं. खुणा बंद झाल्या होत्या, त्यामुळे बोटाकडे त्यांनी पाहिलं नाही. डोळे पुसत ते म्हणाले, "सहावी चालू आहे. ही ठेव तिथे, क्रमाने घेतो."

आणि ती बोलली.

"लक्ष द्या. ओट्यासमोर उभ्या असलेल्या इसमाने ताबडतोब बाजूला व्हावे. गॅस बंद करण्यात येत आहे."

आवाज खणखणीत होता. चार वर्षांच्या सवयीने वाक्यंही तशीच बाहेर पडली. रेकॉर्डकीपर उडी मारून बाजूला झाले, शिंपी जिन्यातल्या जिन्यात बाजूला झाला. तिने गॅस बंद केला, वाडग्यावर मोठी परात पालथी घातली, आणि जाळ विझला. मग तिने पुन्हा काही बोलायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

ती तशीच खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रेकॉर्डकीपर शर्ट घालून चाळीस पावलं गेले आणि निळ्या, हिरव्या दोन्ही झाकणांच्या डब्या घेऊन आले. सासूबाईंनी एक डबी आत नेली, रिकाम्या हाताने बाहेर आल्या. दुपार गेली, संध्याकाळ झाली, एकही चिठ्ठी आली नाही. ते त्या मोकळ्या तारेसमोर बसून राहिले. चार वर्षं ही बाई पहाटे पाचच्या पाळीला गेली, सणवार पाहिले नाहीत, कधी आवाज चढवला नाही, आणि राखून ठेवलेला तो आवाज आपण एका वाडग्यापायी खर्च करून टाकला, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. त्यांना भीती वाटत होती आणि फार वाईट वाटत होतं. छातीही जळत होती, पण तिच्याबद्दल बोलायचं तोंड नव्हतं.

सोमवारी अर्धी रजा टाकून ते चाचणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बायको शेजारी बसली नाही, समोरच्या बाकावर बसली. तिने सकाळपासून आवाज लावून पाहिला नव्हता. एकेक उमेदवार आत जात होती. आतून येणारे आवाज इतके गोड होते की गाडी चुकली तरी चालेल, पण ऐकत बसावं. आठ झाल्या, नववी ती होती.

ती आत गेली, दार लागलं. रेकॉर्डकीपरांनी बाकाची कड धरली. मग आवाज आला. कालचा खणखणीतपणा त्यात नव्हता, तिचा नेहमीचा मऊपणाही नव्हता. जाडसर, खालच्या पट्टीतला, सावकाश आणि इतका वैतागलेला आवाज, की बाहेर भिंतीला टेकलेला शिपाई सरळ उभा राहिला. फलाट क्रमांक तीनवरील प्रवाशांनी रांगेत उभे राहावे, असं ती म्हणाली, आणि बाकावरचे दोघं तिघं खरोखर उठले. रेकॉर्डकीपर त्यांच्यात पहिले होते.

जागा तिलाच मिळाली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, गोड आवाज आम्ही पुष्कळ ऐकले, पण प्रवासी गोड आवाजाला जुमानत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "बाई, ही जरब कुठे शिकलात?"

"घरी," ती म्हणाली.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. ती घरात पुन्हा बोलायला लागली, सासूबाई आपल्या घरी गेल्या, पातेलं घासून घासून निम्मं स्वच्छ झालं. पण महिन्याभराने ती एक सरकारी पत्र घेऊन घरी आली. इतर स्थानकांवरच्या सहा नव्या निवेदिकांना तयार करायचं काम तिच्याकडे दिलं होतं, आणि आवाजात तशीच जरब आणून द्या असा अध्यक्षांचा आग्रह होता. पहिला वर्ग तिने रविवारी घरीच ठेवला होता. रेकॉर्डकीपरांची छाती (केस अजून यायचे होते) अभिमानाने फुगली. शिस्त, नोंदी, कामाचा क्रम ह्यावर आपण त्या मुलींना दोन शब्द सांगावेत असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी विचारलं, टिपणं काढून ठेवू का, किती वेळ बोलू?

"बोलायचं काहीच नाही," बायको म्हणाली. "त्या येऊन बसल्या की तुम्ही फक्त स्वयंपाकघरात जा आणि मला मदत करायला लागा."