चार नंबरला शून्य सापडेना

दुपारी दोन वाजता चार नंबरच्या दिव्याने मान फिरवायला घेतली, पाऊण फेरा केला आणि तिथेच अडकून तो कट-कट-कट करत राहिला.

"काका, हा दाढ दुखल्यासारखा का करतोय?" खालून दिग्दर्शकाने विचारलं.

उजेडकाका आधीच रंगमंचाच्या वरच्या लोखंडी माळ्याकडे निघाले होते. सत्तावीस वर्षं या नाट्यगृहाचे दिवे सांभाळताना त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते आणि आता उत्साहही त्याच वाटेने निघाला होता. फिरता दिवा सुरू झाला की आधी एक पूर्ण गिरकी घेऊन स्वतःचं शून्य शोधतो. ते सापडलं की मग सांगाल तिकडे वळतो. चार नंबरला ते सापडत नव्हतं.

दुसरा कुठला दिवा असता तर काकांनी तो बंद करून चहा घेतला असता. पण चार नंबरवर नाटकात आईचं काम करणाऱ्या आक्का अवलंबून होत्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारी आई अंधारात नऊ पायऱ्या उतरते आणि दिव्याचं वर्तुळ तिच्यामागे जातं, असं दिग्दर्शकाला वाटायचं. खरं तर आक्काच वर्तुळामागे जायच्या. वर्षभर त्यांना अंधारात पायरी दिसत नव्हती.

"कुणाला बोललास तर माझ्या जागी दुसरी आणतील," असं त्यांनी काकांना बजावून ठेवलं होतं.

काकांनी दिवा खाली उतरवला आणि शून्य ओळखणाऱ्या डोळ्यावरची धूळ पुसली. कट-कट चालूच. मग झाकण उघडून पाहिलं, तर मान फिरवणाऱ्या पट्ट्याचे दाते झिजून सपाट झालेले. काका जिने उतरून भांडारात गेले.

"पट्टा आहे की!" भांडारवाला म्हणाला.

"अरे, हा शिलाई मशीनचा आहे. याला दाते कुठायत?"

"अर्जात नुसतं 'पट्टा' लिहिलंयस. दाते हवेत असं लिहायला काय झालं होतं?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. काकांनी सात नंबरचा दिवा उतरवून त्याचा पट्टा काढला. पट्टा निघाला, पण त्याच्यासोबत त्याला ताण देणारी कप्पीही हातात आली, आणि बघतात तर चार नंबरचीही कप्पी डुगडुगत होती. सातची मळाने जाम झालेली, म्हणून दोन नंबर उतरवला. त्याची कप्पी हातात येताच फुटली आणि आतल्या गोळ्या टपाटप सांडून नाटकातल्या सोफ्याखाली गेल्या. सोफा जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला होता.

शेवटी सातचीच कप्पी धुऊनपुसून चारला बसवली. पाच वाजता टेबलावर तीन दिवे पोट उघडून पडले होते, आणि कुठला स्क्रू कुणाचा हे आता फक्त त्या स्क्रूंनाच माहीत होतं.

साडेपाचला चार नंबर वर टांगला. त्याने झोकात गिरकी घेतली आणि शून्य शोधलं. काका दुपारपासून पहिल्यांदाच खाली बसले. तेवढ्यात दिव्याने मान वर केली, आतून चर्र झालं आणि जळका वास आला. झाकण लावताना काकांनीच एक वायर त्यात चिमटून ठेवली होती. मान हलवणारं सर्किट गेलं. उजेड तेवढा शाबूत होता.

आक्का जिन्याखाली आल्या. "काय रे, चालतोय ना?"

"आक्का, आज जिना उतरलाच नाहीत तर?"

"म्हणजे मी वरच राहू? मुलगा खाली मरतोय माझा!"

काकांनी सुस्कारा सोडला. "उतरा तुम्ही. दिवा येईल."

रात्रीच्या प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या शेवटी काका जाड हातमोजे घालून माळ्यावर पालथे पडले. दिव्याची मान दोन्ही हातांनी धरून त्यांनी पहिल्या पायरीवर वर्तुळ टाकलं. आक्कांनी त्यात पाऊल ठेवलं. दुसरी पायरी, तिसरी. काकांच्या खांद्यात कळ आली, पण हात हलला नाही. सहाव्या पायरीला मात्र माळ्यावरची धूळ नाकात गेली आणि त्यांना दाबून ठेवलेली, पण सणसणीत शिंक आली.

वर्तुळ थरथरलं. आक्कांचं पाऊल हवेतच थांबलं. सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं. काकांनी दात आवळून उजेड पुन्हा पायरीवर आणला. पाऊल टेकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत वर आला. "काका, काय दुरुस्त केलंत हो! ती थरथर! आईचं काळीजच दिसलं!"

"साहेब, दिवा जळलाय. मी हाताने धरला होता. आणि ती शिंक होती."

दिग्दर्शकाने वाकून जळक्या दिव्याचा वास घेतला. मग म्हणाला, "नवा मागवूच. तोवर असंच चालू द्या."

आठवड्याने नवा दिवा आला. त्याला शून्य पापणी लवायच्या आत सापडलं. तालमीत त्याने आक्कांना नऊच्या नऊ पायऱ्या बिनआवाज उतरवलं. काकांना त्याची पापी घ्यावीशी वाटली.

दिग्दर्शकाचं तोंड मात्र उतरलं. "हा फारच बरोबर चालतो हो. जीव नाही त्यात."

"आक्का, तुम्हीच सांगा यांना," काका काकुळतीला येऊन म्हणाले.

आक्कांना टाळ्या आठवल्या असाव्यात. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मला तर बाई जुनाच बरा वाटतो."

काकांनी हात मुद्दाम थरथरवून दाखवला, पण दिग्दर्शकाला त्यात खोटेपणा दिसला. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला उजेडकाका तपकिरीची डबी घेऊन माळ्यावर चढतात आणि पाचव्या पायरीला चिमूट ओढतात. शेजारीच, दोन वर्षांच्या हमीसह आलेला नवा दिवा मान खाली टाकून निवांत विश्रांती घेत असतो.