शांतता खरेदी उपसमिती

मुलुंड पूर्वेच्या 'स्नेहवर्धिनी' सोसायटीत राहणारे श्यामकांत गुप्ते यांच्या घरी एकोणीसशे शहाऐंशी सालच्या जानेवारीत शांततेचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत गुप्त्यांचे वडील आप्पा आणि आप्पांचा रेडिओ. आतल्या खोलीत दहावीला बसलेली अनुपमा आणि तिचं बीजगणित. मधलं दार फुगलेलं, कधीच नीट न लागणारं. आप्पांना अलीकडे कमी ऐकू येई, म्हणून रेडिओला जास्त बोलावं लागे. सकाळी भक्तिगीतं, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी शेतकरी बांधवांसाठी कार्यक्रम. ज्या गृहस्थाने जन्मात कुंडीतली तुळससुद्धा लावली नाही, तो कांद्याचा भाव सबंध मजल्याला ऐकवत असे.

अनुपमा प्रिलिमला बीजगणितात आपटली. घरात रीतसर रडारड झाली आणि मग ती पोर डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मला क्लास नको, गाइड नको. संध्याकाळी थोडी शांतता हवीय. तेवढी आणून द्या."

'आणून द्या' हे शब्द ऐकताच गुप्ते ताठ बसले. कारण आणणे हाच त्यांचा पेशा. अंधेरीला एका महामंडळाच्या खरेदी विभागात ते वरिष्ठ अधीक्षक होते. टाचणीपासून तिजोरीपर्यंत सगळं त्यांनी खरेदी केलं होतं आणि त्यातलं काहीही घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. वस्तू पाहिली की मन कलतं आणि मन कललं की पक्षपात होतो, हे त्यांचं ब्रीद. एकदा पोलादी कपाट आलं ते दारातून आत जाईना. गुप्त्यांनी डोकं शांत ठेवून मोठ्या दाराची निविदा काढली. दार आलं, ते भिंतीत बसेना. भिंतीचं प्रकरण अजून विचाराधीन होतं आणि कपाट जिन्यात उभं होतं. शिपाई त्यात डबे ठेवत.

"अहो, आप्पांनाच सांगा ना, रेडिओ हळू लावा म्हणून," वसुधाबाई म्हणाल्या.

"सांगा? असं तोंडी?" गुप्त्यांना धक्काच बसला. "वडील आहेत ते माझे. शिवाय सांगितलं तरी ऐकू येणार आहे का त्यांना? नाही, नाही. काहीतरी यंत्रणा उभी करायला हवी."

यंत्रणा सुचवली शेजारच्या शिवदासने. शिवदासचा मेव्हणा दुबईला, त्यामुळे जगातल्या यच्चयावत विजेच्या वस्तूंवर बोलण्याचा परवाना शिवदासकडे. "हेडफोन घे आप्पांना," तो म्हणाला. "पण बंद वाटीचे घे हां! उघड्या वाटीचे घेतलेस तर आतला आवाज बाहेर, बाहेरचा आत. वाट लागली समज. बंद वाटीचे म्हणजे झकास यार. कानावर झाकण!"

गुप्ते घाटकोपरला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन खोके काउंटरवर ठेवले. दोन्ही बंद वाटीचे, दोन्ही सीलबंद.

"जरा कानाला लावून बघता येतील का?"

"डब्बा खोला तो माल आपका, साहेब."

"पण मग आवाज कसा आहे ते कळणार कसं?"

"एक नंबर आवाज आहे."

"तुम्ही ऐकलाय?"

"मी कसा ऐकणार? सील आहे ना!" दुकानदार दुखावला. "इतकी वर्षं धंदा करतो, एक सील फोडलं नाही. आणि तुमच्या कानाला लागलेला माल मग दुसरा कोण घेणार?"

गुप्त्यांना भरून आलं. खाजगी क्षेत्रातही इतका तत्त्वनिष्ठ माणूस असू शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी दोन्ही खोक्यांवरची चित्रांची पत्रकं तेवढी मागून घेतली आणि घरी येताच 'शांतता खरेदी उपसमिती' स्थापन केली.

उपसमितीत स्वतः गुप्ते अध्यक्ष. तांत्रिक सल्लागार शिवदास. ध्वनितज्ज्ञ म्हणून तळमजल्यावरच्या नलिनीबाई. त्या गाण्याच्या शिकवण्या घेत. आणि अनुभवी सदस्य म्हणून वरच्या मजल्यावरचे धाकू राऊळ. धाकूंनी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं आयुष्य काढलं होतं. गिरणी संपात बंद पडली, पण धाकूंचा आवाज अजून साच्यांच्या खडखडाटावर मात करण्याच्याच पट्टीत होता. शेजारी बसलेल्या माणसाशी ते समुद्रातल्या होडीशी बोलावं तसं बोलत.

"गुप्तेनू, माका विचारा!" त्यांनी पहिल्याच बैठकीत खिडकीच्या काचा हलवल्या. "आवाज भायर कसो ठेवतत, ता माझ्यापेक्षा कोणाक म्हायत!"

बैठका रोज संध्याकाळी, गुप्त्यांच्याच बाहेरच्या खोलीत. अनुपमाच्या अभ्यासाचीही वेळ तीच. पण सगळ्यांच्या सोयीची दुसरी वेळ निघेना. आप्पा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत रेडिओ लावून बसलेले असत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. लाभार्थ्याला निवड प्रक्रियेत घेता येत नाही, असा नियमच होता. एका संध्याकाळी शिवदासने शिंप्याची टेप घेऊन त्यांच्या डोक्याचा घेर मोजला, तेव्हा आप्पांना वाटलं, आपल्या पंचाहत्तरीसाठी पगडी बांधताहेत. ते लाजून हसले आणि त्यांनी मान सरळ धरली.

पुरावा म्हणजे दोन पत्रकं. एकावर सोनेरी केसांची बाई कानावर हेडफोन लावून डोळे मिटून हसत होती. दुसऱ्यावर दाढीवाला पुरुष आकाशाकडे बघत होता. त्या बाईच्या हसण्यावरून आवाजाचा दर्जा ठरवायला तीन बैठका लागल्या. शिवदासच्या मते ती रंगून गेली होती. नलिनीबाईंच्या मते ती झोपली होती.

"मलाही तुम्ही फोटोवरूनच पसंत केली होतीत," वसुधाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"अगं, तेव्हा चौकशी केली होती आम्ही."

"कोणाकडे? माझ्याकडे तर कोणी आलं नव्हतं."

हा मुद्दा विषयपत्रिकेबाहेरचा असल्याने वगळण्यात आला.

मग गुप्त्यांना कल्पना सुचली. माल वापरून पाहता येत नाही ना? मग मालासारखं काहीतरी वापरून पाहू! फडताळातून आमटीच्या दोन वाट्या आल्या. कडेला कापूस लावला, अनुपमाच्या शाळेच्या रिबिनीने त्या धाकूंच्या कानांवर करकचून बांधल्या. हे झाले बंद वाटीचे हेडफोन. उघड्या वाटीसाठी चहाच्या दोन गाळण्या. नलिनीबाईंनी खर्ज लावला, मग मध्य सप्तक, मग तार सप्तकात अशी तान घेतली की खालून कोणीतरी 'काय झालं? काय झालं?' म्हणत धावत आलं.

"ऐकू आलं का?" गुप्त्यांनी वाट्यांवर तोंड ठेवून विचारलं.

"काय्येक नाय!" धाकू गरजले.

गाळण्या बांधून पाहिलं. काय्येक नाय. शेवटी शंकेला जागा नको म्हणून काहीच न बांधता पाहिलं. तरी काय्येक नाय. साच्यांनी धाकूंचे कान केव्हाच घेतले होते. पण उपसमितीने 'तिन्ही चाचण्यांत निकाल सातत्यपूर्ण' असा शेरा मारून समाधान व्यक्त केलं.

या गडबडीत आप्पांचा रेडिओ वर वर चढत चालला होता. साहजिकच सदस्यांना अधिक मोठ्याने बोलावं लागे. ते मोठ्याने बोलले की रेडिओ आणखी चढे. कांदा, खर्ज, दुबई आणि साचे यांचा असा काही काला होई, की रस्त्यावरून जाणारे लोक वर बघत. शिवदासने तर तौलनिक अभ्यासासाठी घरून आपला कॅसेटचा डेकही आणला.

एका संध्याकाळी आतलं दार उघडलं. अनुपमा हातात बीजगणित घेऊन उभी होती. डोळे लाल, वेणी सुटलेली. रिबीन धाकूकाकांच्या डोक्याला होती ना.

"बाबा, जरा हळू बोला ना. एक गणित होत नाहीये माझं कधीपासून."

गुप्ते कळवळले. मुलीवर त्यांचा जीव होता, यात शंका नको. "अगं बाळ," ते ओरडून म्हणाले, कारण ओरडल्याशिवाय ऐकू जाणं शक्य नव्हतं, "हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय!"

"तुझ्यासाठीच गं!" तिन्ही सदस्य एकमुखाने म्हणाले. पोर आत गेली, आणि ते फुगलेलं दार तिने खांद्याने रेटून रेटून जेवढं लागेल तेवढं लावलं.

अखेर पत्रकावरच्या बाईच्या बाजूने निकाल लागला. बोर्डाची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार, अनुपमाची झोप उडवणारा बीजगणिताचा पेपर दोन दिवसांवर आलेला, अशा संध्याकाळी गुप्ते खोकं छातीशी धरून घरी आले. उपसमिती हजर होतीच. नारळ फुटला. सील फुटलं. आतून निघाले काळेभोर, जाडजूड वाट्यांचे हेडफोन. वाट्यांना आतून मऊ गादी, वर रुंद पट्टा. शिवदासने शीळ घातली. धाकूंनी वाटी दाबून पाहिली आणि म्हणाले, "घट बसतली!"

गुप्त्यांनी वायरचं टोक आप्पांच्या रेडिओच्या भोकात घालायला घेतलं.

ते गेलं नाही. पिन करंगळीएवढी जाड, भोक काडीएवढं बारीक. गुप्त्यांनी पिन फिरवली, रेडिओ फिरवला, शिवदासने थुंकी लावून पाहिली. पिनेबद्दल पत्रकावर चकार शब्द नव्हता. बाईच्या चित्रात वायर पदरासारखी खाली गेली होती आणि पान संपलं होतं.

पण गुप्ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले, "हेडफोन घेऊन झाले आहेत, ते बदलता येत नाहीत. तेव्हा आता या हेडफोनना साजेसा रेडिओ निवडावा लागेल."

"दाखवतील का लावून?" नलिनीबाईंनी विचारलं.

"छे! तोही सीलबंदच असणार."

झालं. शिवदास जपानवर घसरला, धाकू व्हॉल्व्हच्या रेडिओवर अडले, नलिनीबाईंनी स्वर लावला आणि आप्पांचा हात सवयीने बटणाकडे गेला. त्या गदारोळात अनुपमा कधी बाहेर आली, कोणी पाहिलं नाही. तिने टेबलावरचे हेडफोन उचलले, कानांवर चढवले, लोंबती वायर गुंडाळून कंपासपेटीखाली दाबली आणि तिथेच, उपसमितीच्या मधोमध, गणित सोडवायला बसली.

"अगं, ते आजोबांचे आहेत!" गुप्ते म्हणाले.

अनुपमाने पान उलटलं.

"अनु! वायर कुठेच जोडलेली नाही!" शिवदासने हातवारे केले.

नलिनीबाईंनी तार सप्तकातून तिला हाक मारली. धाकूंनी तर कानाशी जाऊन बोंब ठोकली. अनुपमाची पेन्सिल चालत राहिली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

"पसंत पडला बघा माल," वसुधाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी डोळे पुसू लागल्या.

इतक्यात खोलीत काहीतरी विचित्र घडलं. रेडिओ थांबला. नातीच्या कानांवरच्या वाट्यांकडे बघत आप्पांनी तो आपल्या हाताने बंद केला होता.

"श्याम," आप्पा म्हणाले, "पोरीला आवाजाचा त्रास होतोय का रे? मग मला सांगायचंस की! मी मोठा लावतो, पण इतका नाही. तुम्ही हे रोज संध्याकाळी काय ओरडत बसता, त्यात मला काही ऐकू येत नाही, म्हणून चढवतो."

ही सूचना गुप्त्यांना वसुधाबाईंकडून पहिल्याच दिवशी मिळाली होती. परंतु ती तोंडी होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग रेडिओ बंद झाला तरी बोलतच असलेल्या आपल्या उपसमितीकडे पाहिलं. रेडिओ बंद होऊन बराच वेळ झाला, तरी अनुपमाने हेडफोन काढले नाहीत. तेव्हा कुठे त्यांना समजलं, की झाकण नेमकं कोणावर बसलं आहे. ते मटकन खुर्चीत बसले.

मार्च गेला, एप्रिल गेला. जूनमध्ये निकाल लागला. सकाळपासून जिन्यावर रांग लागली. शिवदास आला, नलिनीबाई आल्या, धाकू वरूनच ओरडत आले. गुप्त्यांच्या ऑफिसातून फोन आले. अनुपमा आता नीट झोपते का, हे कोणी विचारलं नाही. प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न होता, आणि खरं सांगा, गेल्या दोन ओळींपासून तुमच्याही ओठांवर तोच आहे: किती टक्के पडले?

विचारा, खुशाल मोठ्याने विचारा. ती दारातच उभी आहे. हेडफोन कानांवर आहेत.