डाव्या कानावरची जास्वंद

मकाइओने ठरवलं होतं, आज तोंडातून चकार शब्द न काढता काम फत्ते करायचं. बेकरीवाली हौनानी समोर आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. पण मोलोकाई बेटावर बोलायची गरजच काय? उजव्या कानावर फूल म्हणजे माणूस मोकळा, डाव्या कानावर म्हणजे कुणाचा तरी झालेला. विधुर मकाइओला आपण मोकळे आहोत एवढंच तिला कळवायचं होतं. आणि फूलही कसलं, तर परसातली पांढरी जास्वंद! या बेटांखेरीज जगात कुठे उगवत नाही आणि वर चक्क घमघमते.

फूल उजव्या कानावर चढलं आणि त्याच कानातलं ऐकायचं मशीन असं काही किंचाळलं, की कुत्रं पलंगाखाली गेलं. मकाइओने फूल डावीकडे लावलं. पोचल्यावर बदलू, म्हणाला. आणि विसरला.

पुतण्याच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. मांडवाच्या दारातच बहिणीने, मोमीने, त्याला गाठलं.

"आम्हाला कळवायचंसुद्धा नाही? कोण आहे ती?"

"कोण?" मकाइओची नजर हौनानीला शोधत होती.

"लाजतोय बघा मेला," म्हणत मोमी सुटलीच.

मकाइओने अळूच्या कंदांची पोई वाढून घेईपर्यंत ती बाई शेजारच्या माउई बेटावरची ठरली होती. डुकराचं मटण येईतो ती श्रीमंत झाली. नारळाच्या वड्या येता येता तिला चार घोडेही मिळाले.

पुतण्या कानोआ बांधलेलं ताट घेऊन आला. "हे काकूंना."

"कुठल्या काकू?"

"तुमच्या. माउईच्या. घोडेवाल्या."

मकाइओचा हात कानाकडे गेला. फूल अजून डावीकडेच होतं. नेमकी तेव्हाच पावांची टोपली घेऊन हौनानी समोर उभी. चेहरा उतरलेला.

"अभिनंदन, मकाइओ," ती म्हणाली आणि वळली.

आता गप्प राहिलो तर संपलंच, हे त्याला कळलं. त्याने फूल ओढून उजव्या कानावर खोचलं. मशीन जिवाच्या आकांताने किंचाळलं. वाद्यं वाजवणारे थांबले, कुणी स्पीकरच्या तारा उपटल्या, बाळाने भोकाड पसरलं. बाळाला कडेवर घेऊन आई लांब गेली आणि मांडवात उरलं ते फक्त मशीनचं किंचाळणं. मकाइओ त्याच्याही वरताण ओरडला, "माउईत कोणी नाही! घोडेही नाहीत! मला तू हवी आहेस, पण हे मशीन फूल ठेवू देत नाही!"

हौनानी खुदकन हसली. जवळ आली, उजव्या कानावरचं फूल काढलं आणि सावकाश डाव्या कानावर लावलं.

"अगं, तो मोकळा आहे," मोमी कळवळली.

"होता," हौनानी म्हणाली. मग ती मकाइओकडे वळली. "राहू दे इथेच. मोमीचं अख्ख्या बेटाला सांगून झालंय, आता घरोघर जाऊन खोडत कोण बसणार? घोड्यांचं मात्र तुझं तू बघ."