खाकी पुडक्यांचा घोळ

प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराने कपाळाला हात लावला. दूधवाल्याकडे लोक भांडी घेऊन येऊ लागले, फुलवाली गुच्छ ओल्या फडक्यात गुंडाळू लागली. लाँड्रीवाल्या इस्त्रीभाऊंनी मात्र ठरवलं, की बंदी पाळायची तर पुरती पाळायची. आजपासून इस्त्रीचे कपडे खाकी कागदात. एकूण एक.

त्या 'एकूण एक'मध्ये बायकोचा हिरवा कोटही आला. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी गेली, त्याला आता पाच महिने झाले होते. कोट मागे राहिला होता. भाऊंनी तो धुऊन, कडक इस्त्री करून, पारदर्शक कव्हरात घालून टेबलासमोरच्या खुंटीला टांगला होता. सकाळी शटर उघडलं की ते कोटाकडे बघून "उठलीस का?" म्हणत. (गिऱ्हाईक नसेल तर.) कव्हर काढताना त्यांचा हात जरा अडखळला, पण नियम म्हणजे नियम. कोटाचं पुडकं बाकीच्या पुडक्यांबरोबर फळीवर गेलं आणि रिकामी खुंटी भाऊंना खायला उठली.

आजवर कुणाचा कपडा कोणता, ते कव्हरातून दिसायचं. कागदातून काय दिसणार, कप्पाळ? भाऊंनी नंबराच्या चिठ्ठ्या करून पुडक्यांवर खळीने चिकटवल्या. पण आत कपडे गरम, बाहेर कागद दमट. सकाळी बघतात तर चिठ्ठ्या जमिनीवर आणि पुडकी बोडकी! उघडून बघायला फार तर अर्धा तास लागला असता. पण तीस वर्षांचा अनुभव आडवा आला. "आपल्याला हाताच्या अंदाजाने कळतं," असं स्वतःलाच ठणकावून त्यांनी पुडकी तोलली, दाबली आणि चिठ्ठ्या परत चिकटवल्या.

दुपारी फोन खणखणला.

"भाऊ, मी कोर्टात उभा आहे," वकीलसाहेब कुजबुजले, "आणि माझ्या हातात अस्वल आहे."

"अस्वल?"

"कान आहेत. शेपूट आहे."

"मग ते बालवाडीच्या नाटकातलं. तुमचा काळा कोट बालवाडीत असेल बघा."

"आता न्यायाधीशांना काय सांगू?"

"इस्त्री कडक आहे, एवढं सांगा."

फोन ठेवला आणि भाऊंना हिरवा कोट आठवला. त्यांनी फळीवरची उरलीसुरली पुडकी टराटरा फाडली. कोट नव्हता. दुकानाला कुलूप ठोकून ते बाहेर धावले.

चौकात कोट दिसला! पाठमोरा, भाजीच्या दुकानापुढे उभा. भाऊंचं भानच हरपलं. "अगं, कधी आलीस? कळवायचं तरी!" म्हणत त्यांनी जाऊन हातच धरला. कोट वळला. आत औषधवाल्याची बायको होती.

"अहो भाऊ! हात!"

भाऊंनी हात सोडला. (जरा उशिराच.) "कोट... कोट बघत होतो."

"छान आहे ना? यांनी आणला. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच न मागता काही आणलं!"

समोर औषधाच्या दुकानातून तिचा नवरा भाऊंना हात जोडत होता. मग धावत येऊन त्याने भाऊंना बाजूला घेतलं. "तुमच्याकडनं पुडकं घरी नेलं, तिनं उघडलं, आणि हसली हो! चूक तुमची, पण संसार माझा आहे. आठ दिवस तरी राहू द्या."

घरात बायको हसली की कसं वाटतं, हे भाऊंना चांगलं ठाऊक होतं. ते रिकाम्या हाताने परतले.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. रोज ते "इकडे सगळं झकास, तू निवांत राहा" म्हणायचे. बायकोला उगाच घोर नको, हा एक विचार. आणि पुरुषासारख्या पुरुषाने रडगाणं काय गायचं, हा दुसरा. आज मात्र बांध फुटला. अस्वल, वकील, कोट, सगळं सांगितलं. धरलेला हातसुद्धा.

"मला नाही जमत गं," ते म्हणाले. "दुकान नाही आणि घरही नाही. तुझ्यावाचून करमत नाही. निदान कोट होता समोर, तोही गेला."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"उद्याच्या गाडीने येते."

"रागावलीस?"

"रागावू नको तर काय! पाच महिने झकास, झकास! मला वाटलं, आता आपली कुणाला गरज उरली नाही. इकडे मी बॅग भरायची, आणि तुमचा फोन झाला की रिकामी करायची."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गुळगुळीत दाढी केली, फळीवरच्या फाटक्या पुडक्यांतला आपल्या नंबराचा परीटघडीचा पोशाख अंगावर चढवला आणि तासभर आधी स्टेशन गाठलं. गाडी आली. बायको उतरली. दोघांचेही डोळे भरून आले. ती जवळ आली, नेहमीच्या सवयीने त्यांची कॉलर नीट करायला लागली आणि मध्येच थांबली. तिने कॉलर उलटी करून आतली लाँड्रीची खूण वाचली.

"अहो, हा शर्ट कुणाचा?"

"माझा," मागून स्टेशनमास्तर म्हणाले. "आणि पँटही."