गाळात रुतलेला साडू

ओढ्याची खोली मोजायला मी गुरुवार निवडला, एवढीच माझी चूक. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

आमच्या यॉट क्लबचा मी चिटणीस. बिनपगारी. (पगार असता तर केव्हाच काढून टाकलं असतं.) वर्षातून एकदा सभासदांपुढे क्लबच्या प्रगतीचा आणि पुढच्या योजनांचा अहवाल ठेवणं हे माझं काम. यंदाचा अहवाल अडतीस पानांचा भरला होता. धक्क्याच्या फळ्या बदलल्या बावीस, मुलांच्या शिडाच्या वर्गात विद्यार्थी चौदा, त्यांपैकी बुडाले शून्य. ज्या ओढ्याच्या मुखाशी आमच्या बोटी उभ्या असतात, त्याच्या खोलीचा आकडा तेवढा भरायचा राहिला होता.

आता आमच्या नदीची एक खोड आहे. बाकी जगातल्या नद्या पावसावर चालतात, आमची वाऱ्यावर चालते. आग्नेयेचा वारा सुटला की समुद्र पाणी आत ढकलतो आणि ओढा तुडुंब भरतो. उत्तरेचा सुटला की पाणी निघून जातं आणि उरतो गाळ. त्या गुरुवारी आग्नेयेचा वारा नुसता शिट्ट्या घालत होता. मी काठी टाकली तर दोन मीटर चाळीस! मागच्या वर्षी भरली होती नव्वद सेंटिमीटर. आता आकडा काही खोटा नव्हता, वार तेवढा सोयीचा होता. मी ठोकून दिलं, ‘कार्यकारिणीच्या अथक प्रयत्नांमुळे खोलीत लक्षणीय वाढ.’

अहवाल टाइप करते माझी बायको, मेबल. तिनं तो आकडा टाइप केला आणि लगेच नदीपलीकडे ब्युनोस आयर्सला बहिणीला फोन लावला.

“सुसाना, आता काही सबब सांगू नका. खोली दोन मीटर चाळीस झालीय. अगं, एल्बिओनं स्वतः मोजलीय!”

सुसानाचा नवरा ओरासिओ, म्हणजे माझा साडू. त्याची यॉट एवढी मोठी, की तिचा पाण्यात बुडणारा भागच एक मीटर ऐंशी. आमच्या ओढ्यात ती शिरणं शक्यच नव्हतं. अकरा वर्षं आमच्या संसाराचं रक्षण त्या गाळानं केलं होतं.

शुक्रवारी दुपारी, पाणी अजून चढलेलं असताना, ओरासिओ एकटाच शिडं फडकवत आला. “काय साडूभाऊ! दोनच दिवस हं, रविवारी निघालो!” शनिवारी वारा उत्तरेकडून सुटला. रविवारी सकाळी त्याची यॉट ओढ्याच्या मधोमध, गाळात, एका कुशीवर निजली होती.

“साडूभाऊ,” धक्क्यावर उभं राहून त्यानं विचारलं, “तुमची खोली कुठे गेली?”

“येईल परत,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ती सात दिवस आली नाही. या सात दिवसांत ओरासिओनं माझी खुर्ची खिडकीपाशी हलवली आणि तीत स्वतः बसला. सकाळी साडेपाचला न्हाणीघरात गाणी म्हटली. आमचा नळीनं ओढायचा कडू चहा उन्हात वाळवलेल्या गवतासारखा लागतो, असं शेजाऱ्यांना सांगून आला. हेही मी गिळलं असतं. पण त्यानं माझ्या चुलाणाला हात घातला. आमच्याकडे मांस भाजतात ते लाकडाच्या निखाऱ्यांवर, आणि दुसऱ्याच्या विस्तवाला माणूस बोट लावत नाही. यानं सरळ पिशवीतून कोळसा काढला. आणून ठेवला होता त्यानं यॉटवर! मला अक्षरशः रडू आलं.

“आपल्याच घरचा आहे तो,” मेबल म्हणाली.

“तेच तर दुखणं आहे!”

मी दर तासाला अंगणात जाऊन ओलं बोट वर धरायचो. वारा आपला उत्तरेचाच. क्लबचे सभासद थर्मास काखेत मारून, चहाच्या नळ्या चोखत, आडवी यॉट बघायला यायचे. “चिटणीससाहेब, लक्षणीय वाढ कुठंशी आहे हो?”

आणि आठव्या दिवशी, रविवारी पहाटे, बोट गार पडलं ते आग्नेयेच्या बाजूनं! मी मेबलला गदागदा हलवून उठवलं. दहा वाजता यॉट उभी राहिली. त्याच दिवशी अकराला क्लबची वार्षिक सभा होती. आमचे अध्यक्ष अनिबालसाहेब आकाशाकडे बघत ओरासिओला म्हणाले, “वारा पडतोय. एकपर्यंत पाणी आहे. त्याच्या आत काढलीत तर निघालात, नाहीतर बसा.”

“मग तुमची सभा बघूनच निघतो,” ओरासिओ म्हणाला. “सभा चार मिनिटांत आटोपते,” मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. दर वर्षी कुणीतरी उठतो, ‘अहवाल वाचला असं समजावं’ म्हणतो, सगळे हात वर करतात आणि जेवायला पळतात. बारा वर्षं मी अहवाल लिहितोय, पण त्यातली एक ओळ कुणी ऐकलेली नाही.

यंदाही मागच्या रांगेतून आवाज आला, “वाचला असं समजावं!” हात वर झाले. माझाही अर्धा झाला होता.

“थांबा!” ओरासिओ उठला. “सात दिवस मी या क्लबच्या गाळात पडलोय. निदान प्रगती काय झाली ते तरी ऐकू द्या!”

हशा झाला. अनिबालसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय चिटणीस? वाचताय?”

नको, असं म्हणायचं होतं. देवाशपथ, जिभेवर आलं होतं. पण समोर एक माणूस हाताची घडी घालून माझा अहवाल ऐकायला बसला होता. मी चष्मा चढवला.

फळ्यांपाशी घड्याळात साडेअकरा झाले होते. शिडाच्या वर्गावर ओरासिओ “वा!” म्हणाला आणि मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मागून मेबल तळहात खालीखाली दाबत खुणा करत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बायकोला माझं वाचन चवीनं ऐकायचं होतं! मी गती कमी केली. ती आणखी जोरात हात दाबू लागली. मी आणखी सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून वाचू लागलो.

“खोली, दोन मीटर चाळीस,” असं मी वाचलं तेव्हा सगळी सभा खिडकीतून बाहेर बघत होती. मीही बघितलं. ओरासिओच्या यॉटची डोलकाठी हळूच, अगदी शिस्तीत, कलत होती.

“मी काय सांगत होते?” बाहेर येताच मेबल कडाडली. “पाणी उतरतंय, पाणी! हात दाबून दाबून खांदा निखळायची वेळ आली!”

“मला काय माहीत!” मी ओरडलो. “आणि अडतीस पानं काय चुटकीसरशी वाचून होतात?”

“अडतीस कुठली? कुणी वाच म्हटलं तर तू थांबणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हणून मधली चौदा पानं मी सकाळीच काढून ठेवली होती.” तिनं पर्स उघडून दाखवली. “तू लिहिलायस ना तो अहवाल? मग तुझ्यासुद्धा लक्षात आलं नाही?”